गाभण गाईचे गोचीड तापापासून संरक्षण

वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाटचा परिसर संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. बागेस शेणखत आणि घरास दूध, अशा दुहेरी लाभासाठी बागाईतदार जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताची संकरित गाय बाळगतो. ही गाय दूध अधिक देते. परंतु गोचीड तापास ती गवळाऊसारख्या देशी गाईपेक्षा फार लवकर बळी पडते. त्यातही ती गाभण असल्यास गाय आणि वासरू या दोहोंचे नुकसान संभवते.

गोचिडीमुळे जनावरांत रोग पसरतो, हे अमेरिकेत स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली प्रथम सिद्ध केले. आपल्याकडील गोचीड तापाचे कारण थायलेरिया नावाचा सूक्ष्म परजीवी होय. गोचीड रक्त पिताना तो जनावराच्या अंगात शिरतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशींत घर करून वाढतो. पुढे तो तांबड्या पेशींतही जातो. जोराचा ताप, खांद्यापुढील गाठ सुजणे, दूध आटणे व डोळ्यांच्या आतील कातडी फिकी पडणे, ही त्याची लक्षणे होत.

या परजीवीशी शरीर कसे लढते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. रक्तातील प्रतिपिंडे पेशीच्या आत दडलेल्या शत्रूपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे मुख्य लढाई विशिष्ट पांढऱ्या पेशींना करावी लागते. त्या रोगग्रस्त पेशी ओळखून नष्ट करतात. गाभणपणात मात्र शरीरास निराळेच धोरण ठेवावे लागते. पोटातील वासरात निम्मा अंश वळूचा, म्हणजे परका असतो. त्यावर हल्ला होऊ नये म्हणून मातेचे शरीर आपल्या पेशींची चढाई काहीसे आवरते. विण्याच्या सुमारास शरीरावर ताण पडून प्रतिकारशक्ती आणखी खालावते. म्हणूनच अंगात दबून राहिलेला रोगही अशा वेळी उसळी घेतो.

या रोगावर लस आहे. रोगग्रस्त पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवीत नेल्या असता परजीवीची रोग उत्पन्न करण्याची शक्ती क्षीण होते. अशा दुर्बल परजीवीची लस टोचल्यास शरीराच्या पेशी लढण्यास तयार होतात. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची ‘रक्षाव्हॅक-टी’ ही लस याच प्रकारची आहे. कृत्रिम रेतनाच्या कांड्यांप्रमाणे ती द्रवरूप नत्रवायूत, उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावी लागते.

लस जिवंत असल्यामुळे काही जनावरांस तिने ताप येऊ शकतो. म्हणून गाभण, विशेषतः दिवस भरत आलेल्या गाईस ती सहसा टोचीत नाहीत. शिवाय प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही आठवडे लागतात. यावरून एकच निष्कर्ष निघतो : गाभण गाईचे संरक्षण ती कालवड असतानाच करावे. दोन महिन्यांवरील संकरित वासरांस लस टोचून घ्यावी. मोठी कालवड राहून गेली असल्यास ती फळविण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करावी.

गाय आधीच गाभण असेल, तर पुढील काळजी घ्यावी :

१. गोठ्याच्या भिंतींतील भेगा बुजवाव्यात. गोचिडी तेथे दडून कात टाकतात.

२. कान, कास व शेपटीखालचा भाग रोज तपासावा. गोचीडनाशक औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच वापरावे.

३. ताप व गाठ दिसताच रक्ताची तपासणी करून घ्यावी. बुपारव्हाक्वोन हे औषध आरंभीच दिल्यास चांगला गुण येतो.

४. वासरू जन्मताच, शक्य तो पहिल्या दोन तासांत, त्यास चीक पाजावा. गाईची प्रतिपिंडे गर्भाशयातून वासरास मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. तथापि चीक हा लसीचा पर्याय नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील संकरित कालवडींची यादी करून ती दवाखान्यास द्यावी. नत्रवायूतून काढलेली लस लवकर वापरावी लागते. तेव्हा एकाच दिवशी पुष्कळ वासरे एकत्र आणल्यास लस वाया जात नाही आणि कोणाची कालवडही वगळली जात नाही.