अंगातली शक्ती जपून कशी वापरायची? – दुखणं, थकवा आणि व्यवसायोपचार



'ऊर्जा बचत' हा पाठ शिकवताना आपण मुलांना दिवे, पंखे बंद करायला सांगतो. आज ज्या ऊर्जेबद्दल लिहिणार आहे ती माणसाच्या अंगातली. संधिवात, चिकुनगुनिया बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने राहिलेली सांधेदुखी, फुफ्फुसाचा जुना आजार, हृदयविकार, कॅन्सरचे उपचार, लांबलेला कोविड... या सगळ्यांत एक थकवा येतो जो रात्रभर झोपूनही जात नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. ना प्लॅस्टर, ना पट्टी. म्हणून घरात 'हिला कामाचा कंटाळा आहे' असा शिक्का बसतो. पालक सभेला येणाऱ्या आयांशी बोलताना हे फार ऐकायला मिळतं, आणि म्हणूनच हा विषय घेतला आहे.

या थकव्यावर काम करणारी एक शाखा आहे, व्यवसायोपचार. इंग्रजी नाव ऑक्युपेशनल थेरपी. इथे 'व्यवसाय' म्हणजे नोकरी-धंदा नव्हे. अंघोळ, वेणीफणी, स्वयंपाक, लिहिणं, खेळणं, म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. भारतात ही शाखा आणली कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकेतल्या, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. लग्नानंतर इथल्याच झाल्या. १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा सुरू केली, ती आशियातली पहिली. आपल्यापैकी अनेकांना फलटणचं कमला निंबकर बालभवन माहीत असतं. त्या शाळेला नाव आहे ते याच बाईंचं.

पण याचं एक उदाहरण आमच्या येरवड्यातलंच आहे, आणि ते या शाळेच्याही आधीचं. १९३२ साली गांधीजी येरवडा तुरुंगात होते, सोबत वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाई. रोजची सूतकताई चालूच होती. त्यात गांधीजींचं कोपर दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी हाताला विश्रांती द्यायला सांगितलं. त्यांनी कताई सोडली नाही. पायाने चालवायचा मगन चरखा शिकून घेतला. चाक फिरवायचं काम पायाकडे गेलं, हाताचा भार हलका झाला. व्यवसायोपचार तज्ज्ञ आज हेच करतात. काम माणसाला हवंसं किंवा गरजेचं असेल तर ते ठेवायचं, करायची पद्धत बदलायची.

आता यामागचं विज्ञान पाहूया. आपण शिकवतो, कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. मग हात लांब करून एक जाड पुस्तक नुसतं धरून ठेवलं तर कार्य शून्य! तरी दोन मिनिटांत हात भरून येतो. का? कारण स्नायू सतत आवळलेला राहतो, त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि त्याला पुरेसं रक्त मिळत नाही. म्हणजे न हलता धरून ठेवणं हेही शरीराला महागच पडतं. आणि तेच पुस्तक छातीशी धरलं तर? हलकं वाटतं. वजन तेच, पण खांद्यापासूनचं अंतर कमी झालं. सी-सॉवर टोकाला बसलेला मुलगा जड पडतो, मध्ये सरकला की हलका होतो, तसंच. वर्गात करून बघा, मुलांना मजा येते.

हेच घरात लावायचं. भाजीची पिशवी बोटांवर लोंबकळत न आणता खांद्याला अडकवायची किंवा दोन्ही हातांनी पोटाशी धरायची. कुकर एका हाताने उचलायचा नाही, ओट्यावरून सरकवत न्यायचा. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. अर्धी भरली तर खेपा दुप्पट होतात हे खरं, पण मनगटावरचा ताण एका वेळी निम्माच पडतो. नळाला पाइप लावून जागेवरच पिंपात पाणी सोडलं तर खेपच नको. ओले कपडे पिळताना ते नळाभोवती अडकवून पिळले तर बोटांचा जोर कमी लागतो. उलथन्या-झाऱ्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला की मूठ घट्ट आवळावी लागत नाही. रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत ठेवा. हात डोक्याच्या वर नेऊन काम केलं की दम लवकर लागतो, हे फळ्याच्या वरच्या ओळी लिहिणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि बसून काम करा! उंच स्टूल घेऊन ओट्याशी बसून भाजी चिरली, कणीक मळली तर काय बिघडतं? पण आपल्याकडे उभ्याने राबणं म्हणजे काम आणि बसून केलं तर आराम, असं डोक्यात बसलंय. गुडघे दुखणाऱ्याने खाली पाटावर बसायचं मात्र टाळावं, कारण उठतानाच जास्त त्रास होतो.

सगळ्यात अवघड भाग वेगाचा. एखाद्या दिवशी बरं वाटतं, मग राहिलेली सगळी कामं त्याच दिवशी उरकली जातात आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात. परत बरं वाटलं की परत तेच. हे चक्र तोडायचं तर दमल्यावर नाही, दमायच्या आधी थांबायचं. आठवडाभर वहीत लिहा, कोणतं काम किती वेळ केलं आणि दुखणं शून्य ते दहामध्ये किती झालं. समजा वीस मिनिटं उभं राहिल्यावर दुखणं वाढतं असं दिसलं, तर पंधराव्या मिनिटालाच बसायचं. पाच मिनिटं बसून परत उठायचं. घड्याळ लावून. वाईट दिवशीही थोडं काम आणि चांगल्या दिवशीही तेवढंच. मनाला हे पटत नाही, पण महिन्याच्या शेवटी जास्त काम झालेलं दिसतं.

कामांची निवडही लागते. हे आजच हवं का? मीच करायला हवं का? नाहीच केलं तर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या बाकीच्यांनी द्यायचं असतं. चौथीचा मुलगा कपड्यांच्या घड्या घालू शकतो, त्याचे बाबाही घालू शकतात.

दोन सावधगिऱ्या. थकव्याचं कारण आधी डॉक्टरांकडून शोधून घ्या. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं, थायरॉइड ही कारणं पुष्कळदा निघतात, आणि त्यांना औषध आहे. दुसरं, शक्ती जपणं म्हणजे झोपून राहणं नाही. पडून राहिलं की स्नायू आणखी अशक्त होतात. व्यायाम किती आणि कोणता हे तज्ज्ञांनाच विचारा. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे, तिथे नोंदणी असलेल्या तज्ज्ञांकडेच जा.

वर्गातही असं एखादं लेकरू असतं. लहान मुलांनाही संधिवात होतो. सकाळी बोटं आखडलेली असतात, लिहिणं मागे पडतं, आणि आपण 'हात चालव' म्हणतो. अशा मुलाला जाड पेन्सिल द्या, पहिल्या तासाला तोंडी उत्तरं घ्या, मधेच उठून दोन पावलं चालू द्या, पुस्तकांचा एक संच शाळेतच ठेवा म्हणजे दप्तर हलकं होईल. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर खाली आणता येतो का, हे मुख्याध्यापकांशी जूनमध्येच बोलून घ्या. नंतर वेळापत्रक बदलत नाही.