पुरावा मुंबईतच होता

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्येच आकड्यांनिशी मांडला. आकडे हाती येऊ लागताच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. सगळ्यांना ते जमणार नव्हते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ च्या पुस्तकात अमेरिकेतल्या एका पाहणीचा दाखला दिला आहे: जो जितका जास्त ओढणारा, त्याला पुरावा तितका कमी पटलेला.

हा अडाणीपणा म्हणावा, तर रोनाल्ड फिशर आडवे येतात. पुरावा कसा तोलायचा, हे विसाव्या शतकाला शिकवणारे हे संख्याशास्त्रज्ञ. तोंडात मात्र पाइप. सिगारेटची ओढ आणि कर्करोग दोन्ही एकाच आनुवंशिक गुणातून येत असतील, असे ते १९५७ पासून मांडू लागले. कर्करोगाच्या आरंभीचा दाहच माणसाला सिगारेटकडे नेत असेल, अशीही शंका त्यांनी काढली! ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, पण मला पैशापेक्षा पाइपच भारी पडलेला दिसतो. ठरलेल्या निकालासाठी त्यांच्या बुद्धीने फक्त उत्तम वकिली केली.

इकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकर चाळीसच्या दशकापासून तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगाचा माग काढत होते. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा विडी-सिगारेट ओढणे, तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांवरचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. डॉल-हिल यांचा अभ्यासही त्याच नियतकालिकात छापला होता.

साठ वर्षांनी, मार्च २०१५ मध्ये, तंबाखूच्या पाकिटांवरील इशाऱ्याचे नियम तपासणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष आणि अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की, तंबाखूने कर्करोग होतो असे सांगणारे अभ्यास परदेशी आहेत, भारतीय नाहीत. तेंदूपत्ता आणि विडीवर जगणाऱ्या कोट्यवधींचा प्रश्नही त्यांनी काढला. तो प्रश्न खराच आहे. विड्या वळणाऱ्या बाया सिन्नर-संगमनेरलाही आहेत. पण पोटापाण्याचा मुद्दा पोटापाण्याचा म्हणूनच लढवायला हवा होता. त्याला विज्ञानातल्या शंकेचा अंगरखा चढवला गेला. समितीतले एक सदस्य, श्यामाचरण गुप्ता, स्वतः विडी उद्योजक होते.

पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा सचित्र इशारा १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. तो झाला १ एप्रिल २०१६ ला.