पुढची चाकोरी, मागची चाकोरी

धारवाडच्या पूर्वेस नवलगुंदाकडे पसरलेल्या काळ्या रानात पावसाळा सरला की गाडीवाटेवर चाकांचे दोन खोल चर वाळून घट्ट होतात. त्या जोडीला आपण चाकोरी म्हणतो. आणि ज्या गाडीच्या चाकांमधले अंतर त्या चाकोरीशी जुळत नाही तिचे एक चाक चरात व दुसरे उंचवट्यावर चालू लागले म्हणजे बैलांच्या मानेची जी दशा होते ती ज्याने पाहिली आहे, त्याला मोटारविद्येतील ‘ट्रॅक’ हा शब्द निराळा समजावून द्यावा लागत नाही. बैलगाडीचा आस एकच, म्हणून चाकोरीही एकच. मोटारीला मात्र पुढची एक आणि मागची एक अशा दोन चाकोऱ्या असतात, आणि त्या दोघींचे परस्परांशी असलेले नाते हाच या लेखाचा विषय आहे.

हुबळीच्या ज्या विद्यानगरात मी राहतो, तेथील भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 साली, म्हणजे धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात असताना निघाले. आज तेच केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. अशा विद्यापीठाच्या परिसरात स्वहस्ते गाडी बांधण्याची हौस रुजली तर नवल नाही. विलायतेत कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन 1957 साली निघाली आणि सुट्या भागांच्या रूपाने विकलेल्या गाडीवर खरेदी-कर पडत नसल्यामुळे घरोघरच्या शेडांत बांधली गेली; त्याच घाटाची रोडस्टर पुढे आपल्या अलिबागेस चिंकारा मोटर्सने केली. त्याच्या कितीतरी आधी इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी ‘मीरा’ या छोट्या मोटारीपायी वर्षानुवर्षे झिजले. ती गाडी कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

अशा स्वहस्ते बांधलेल्या गाडीत पुढचा भाग एका गाडीचा आणि मागचा आस दुसऱ्या गाडीचा असणे हे नित्याचेच. कारखान्यात दोन्ही रुंदींचा मेळ आधीच घातलेला असतो: मारुती 800 चा ट्रॅक पुढे 1215 आणि मागे 1200 मिलिमीटर. बांधणाऱ्याला तो मेळ स्वतः घालावा लागतो.

समजा, चालकासह गाडी 600 किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 45 सेंटीमीटर उंच आणि दोन्हीकडचा ट्रॅक 135 सेंटीमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश जोराने तिने वळण घेतले, तर आतल्या चाकांवरचा 120 किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. ट्रॅक 150 केला तर 108 किलो. आता टायरची पकड भाराबरोबर वाढते खरी, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे बाहेरच्या चाकाने कमावलेल्या पकडीपेक्षा आतल्याने गमावलेली अधिक भरते, आणि ज्या आसावर ही हलवाहलव जास्त, तो आस आधी घसरतो. पुढचा घसरला तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. मागचा घसरला तर शेपूट फिरते.

याचे टोकाचे उदाहरण आपल्या दारातून रोज जाते. रिक्षाचा पुढचा ट्रॅक शून्य; आडव्या भारबदलाचा सारा बोजा मागच्या दोन चाकांनी सोसायचा. बेंगळुरूच्या सिपानींची ‘बादल’ही आरंभी अशीच तीनचाकी होती. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला शर्यतींच्या नियमांत अरुंद ट्रॅक हा रुंद ट्रॅकच्या 75 टक्क्यांहून कमी नसावा असे कलम आहे, ते उगाच नव्हे. उलट सित्रोएन डीएसचा मागचा ट्रॅक पुढच्याहून सुमारे 20 सेंटीमीटर अरुंद असूनही ती गाडी रस्त्याला धरून चालण्याबद्दल नावाजली, कारण तिचा बहुतेक भार आणि चालकशक्ती पुढच्या चाकांवर होती. वळताना मागचे चाक पुढच्याच्या आतून जाते, म्हणूनही शंकूंमधून गाडी काढणारे मागचा ट्रॅक किंचित अरुंद ठेवतात.

आमच्या गल्लीतील एका तरुणाने ओम्नी व्हॅनचे इंजिन आणि मागचा पाट्यांवरचा आस घेऊन दोन आसनांची गाडी बांधली. बंद मैदानात फिरवताना वळणावर तिचे शेपूट सुटू लागले, तेव्हा पुढची बैठक रुंद केली की गाडी स्थिर होईल या समजुतीने त्याने पुढच्या चाकांना प्रत्येकी 25 मिलिमीटरचे स्पेसर लावले. शेपूट अधिकच सुटू लागले. शिवाय स्टिअरिंग जड झाले. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. पुढची स्वतंत्र स्प्रिंगवरची चाके बाहेर सरकल्याने स्प्रिंगवर त्यांचा तरफेचा जोर वाढला आणि पुढची बाजू कलण्यास नरम झाली. तिने भारबदलातला आपला हिस्सा मागच्या आसाकडे ढकलला, स्वतःची पकड वाढवली आणि घसरणाऱ्या टोकाला आणखी एकटे पाडले.

मग आम्ही गाडी सपाट फरशीवर उभी केली, प्रत्येक टायरच्या मध्यावर ओळंबा सोडून खडूने फुल्या मारल्या आणि स्पेसर पुढून काढून मागे लावले. मागच्या अखंड आसाचा कलण्याविरुद्धचा ताठपणा पाट्यांमधील अंतरावर ठरतो, चाकांमधील अंतरावर नाही. म्हणून तेथे रुंदी वाढली की ताठपणा न बदलता भारबदल तेवढा घटतो. बेअरिंगवर बोजा वाढतो, आणि बेअरिंग हप्त्याहप्त्याला तपासण्याची तजवीज त्याने केली आहे. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर, त्याच वेगाने, गाडी शेपूट न हलवता निघाली. फरशीवर मागच्या चाकांखाली आता फुल्यांच्या दोन जोड्या आहेत: जुनी पुसट, आणि तिच्या दोन्ही अंगांना 25 मिलिमीटर बाहेर मारलेली नवी.