गाजर गवताची ॲलर्जी: मलमं बदलत बसू नका, आधी 'पॅच टेस्ट'चं विचारा

मांजरी (पुणे) : पाऊस पडला की मांजरी बुद्रुक, मांजरी खुर्द आणि आसपासच्या गावांत सगळ्यात आधी उगवतं ते गाजर गवत. शेताचे बांध, कालव्याची कड, रेल्वेलाईनच्या बाजूची पट्टी, पाडून ठेवलेले मोकळे प्लॉट, कुठलीही जागा त्याला चालते. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं, बांधकामं वाढली, तशी पडीक प्लॉटांवरची ही पांढरी फुलंही वाढली.

त्याच सुमारास काही जणांचा त्रास सुरू होतो. पापण्या सुजतात, मानेला खाज सुटते, कोपराच्या आतल्या बाजूला चट्टे येतात. मग मेडिकलमधून एक मलम, ते संपलं की दुसरं, मग गोळी. बरं वाटतं आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. अशी वर्षं निघून जातात, मानेची कातडी काळी आणि जाड होते, रात्रीची झोप जाते.

हा त्रास नेमका कशाने होतो हे शोधायची तपासणी आहे. त्यावर कोणतं औषध जास्त बरं, याचे अभ्यासही आपल्याच देशात झाले आहेत. ते गावापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ही माहिती.

पुण्यातच लागला शोध

गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, मूळचं अमेरिका खंडातलं. परदेशी गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सांगितलं जातं. भारतात ते पसरतंय याची शास्त्रीय नोंद झाली ती पुण्यातच. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पुण्यातल्या त्वचारोग डॉक्टरांकडे एकसारखे पेशंट येऊ लागले. चेहरा, मान, हात असा उघडा भागच सोललेला आणि सुजलेला. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी कॅनडाचे डॉ. मिचेल आणि लंडनचे डॉ. कॅल्नन यांच्यासोबत १९७४ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला. या गवतामुळे होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीकडे जगाचं लक्ष गेलं ते पुण्याच्या पेशंटमुळे.

गवताला हात न लावताही त्रास कसा?

या गवतात 'पार्थेनिन' नावाचं रसायन असतं. पानांवरच्या, खोडावरच्या बारीक केसांत ते जास्त असतं. गवत वाळलं की त्याचा भुगा होतो आणि वाऱ्याबरोबर उडतो. हा भुगा घामेजलेल्या चेहऱ्यावर, मानेवर बसतो. म्हणून गवत उपटणाऱ्यालाच नाही, तर रोज गाडीवरून त्या रस्त्याने जाणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो.

पहिल्याच वर्षी होईल असंही नाही. अनेक वर्षं गवतात काम करूनही काही होत नाही, आणि मग एखाद्या पावसाळ्यात शरीर त्या रसायनाला 'शत्रू' म्हणून ओळखायला लागतं. एकदा ओळखलं की विसरत नाही. 'इतकी वर्षं खुरपतोय, आत्ताच कसं झालं?' या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

ओळखण्याच्या खुणा अशा:

- पापण्या, कानामागे, मान, गळ्याखालचा उघडा भाग, कोपराचा आणि गुडघ्याचा मागचा खळगा इथे खाज आणि चट्टे.
- उन्हाळा-पावसाळ्यात जास्त, थंडीत कमी.
- गावाबाहेर काही दिवस राहिलं की आराम, परत आलं की पुन्हा.
- जुना त्रास असेल तर कातडी जाड, काळी आणि रेघा पडलेली. काहींना ऊनही सहन होत नाही.

मात्र मान काळी झाली म्हणजे गाजर गवतच, असं नाही. खाज नसताना मान मखमलीसारखी काळी होत असेल तर ते वाढलेल्या वजनाचं किंवा साखरेचं लक्षण असू शकतं. गवंडीकाम करणाऱ्याला सिमेंटची ॲलर्जी असते. केस काळे करणाऱ्याला त्या रंगाचीही असते, आणि तीसुद्धा चेहऱ्यावर, कानामागे, मानेवरच दिसते. शेती, बांधकाम आणि केसांचा रंग हे तिन्ही एकाच माणसाच्या बाबतीत असेल तर नुसतं बघून डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. तिथे तपासणी लागते.

रक्ताचं 'ॲलर्जी पॅकेज' इथे का चालत नाही?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. ॲलर्जी दोन तऱ्हेची असते.

पहिली, लगेच होणारी. अंगावर पित्त उठणं, सटासट शिंका, डोळ्यांना पाणी, दमा. काही मिनिटांत त्रास सुरू होतो. यात शरीरात 'आयजीई' नावाचे घटक काम करतात. ते रक्ताच्या तपासणीत सापडतात. किंवा हातावर थेंब ठेवून बारीक टोचतात आणि १५-२० मिनिटांत गांधी उठते का बघतात. याला 'प्रिक टेस्ट' म्हणतात. गाजर गवताच्या परागकणांनी शिंका येत असतील, दमा होत असेल तर ही तपासणी उपयोगी आहे.

दुसरी, उशिरा होणारी. मानेवरचे चट्टे, सोललेली कातडी ही या प्रकारातली. इथे काम करतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांना जागं व्हायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून सोमवारी गवत खुरपलं तरी चेहरा बुधवारी सुजतो, आणि माणसाला वाटतं मंगळवारी काहीतरी खाल्लं म्हणून झालं. मग वांगं बंद, डाळ बंद, अंडं बंद.

ही दुसरी ॲलर्जी 'आयजीई'च्या रक्ततपासणीत पकडली जात नाही. महागडं पॅकेज केलं, रिपोर्ट नॉर्मल आला, तरी गाजर गवताची त्वचेची ॲलर्जी असू शकते. उलट रिपोर्टमध्ये एखाद्या खाद्यपदार्थाचा आकडा थोडा वाढलेला दिसला, म्हणून मानेवरचे चट्टे त्यानेच आले असंही होत नाही.

पॅच टेस्ट कशी करतात?

संशय असलेल्या पदार्थांचे, म्हणजे गाजर गवताचा अर्क, सिमेंटमधलं क्रोमियम, केसांच्या रंगातलं रसायन, निकेल वगैरेंचे अगदी थोडे थोडे अंश छोट्या वाट्यांत घालून पाठीवर पट्टीने चिकटवतात. सुई नाही, रक्त नाही. पट्टी ४८ तास ठेवतात. काढल्यावर कुठल्या जागी लाली, फोड आलेत ते बघतात. पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात, कारण काही ॲलर्जी उशिरा उठते.

म्हणजे एका आठवड्यात तीन चकरा. पट्टी असताना पाठ भिजवायची नाही, घाम निघेल असं काम करायचं नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याला हे जड आहे, म्हणून तारीख ठरवतानाच विचार करावा. थंडीचे दिवस सोयीचे. घाम कमी आणि त्रासही उतरलेला असतो. त्वचा खवळलेली असताना ही टेस्ट करत नाहीत.

एक गोष्ट डॉक्टरांना न चुकता सांगावी. स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, पाठीला स्टेरॉइडचं मलम लावलं असेल तर ॲलर्जी असूनही टेस्ट 'नाही' म्हणू शकते. आधीच्या औषधांची पाकिटं सोबत न्यावीत. पण गोळ्या मनाने बंद करू नयेत.

मांजरीकरांसाठी सरकारी सोय म्हणजे पुण्याचं ससून रुग्णालय. मांजरी बुद्रुक स्थानकावरून लोकलने पुणे स्टेशनला उतरलं की ससून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्वचारोग विभागात आधी नुसती तपासणी करून घ्यावी आणि पॅच टेस्ट कुठल्या दिवशी, कशी होते ते विचारूनच पुढची चक्कर ठरवावी.

औषधांबद्दल अभ्यास काय सांगतात?

स्टेरॉइडने आराम पडतो, हे खरं आहे. डॉक्टरही ते देतात, पण ठरावीक दिवसांसाठी. तेच महिनोन्‌महिने चालू राहिलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. मलमानेही चेहऱ्याची कातडी पातळ होते. म्हणूनच केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली.

मग दुसरं काय? दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉक्टरांनी यावर बरंच काम केलं आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाजर गवताची ॲलर्जी असलेले ५५ पेशंट होते. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला स्टेरॉइडची गोळी, दुसऱ्याला 'अझाथायोप्रिन' नावाची गोळी, सहा महिने. दोन्ही औषधं जवळपास सारखीच लागू पडली. पण स्टेरॉइडच्या गटात दुष्परिणाम जास्त दिसले, आणि औषध थांबल्यावर त्रास पुन्हा उसळण्याचं प्रमाणही जास्त होतं.

पुढे याच डॉक्टरांनी दुसरा प्रश्न घेतला. ही गोळी रोज घ्यायची की आठवड्यातून एकदाच मोठा डोस घेतला तर चालेल? २०१५ च्या अभ्यासात आठवड्याचा डोस रोजच्या गोळीच्या तोडीचा ठरला, आणि खर्च कमी आला. महिन्याच्या औषधाचा हिशोब करणाऱ्या घरासाठी हा फरक मोठा आहे.

तरी ही गोळी साधी नाही. ती पांढऱ्या पेशी कमी करते. काही माणसांच्या जनुकांतच असा फरक असतो की पेशी झपाट्याने घसरतात आणि जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आणि नंतरही ठरल्या वेळी रक्त आणि लिव्हरची तपासणी लागते. ताप आला, घसा दुखला, तोंड आलं तर लगेच डॉक्टरांना सांगावं लागतं. युरिक ॲसिडसाठी 'ॲलोप्युरिनॉल' चालू असेल तर ते आधी सांगणं फारच गरजेचं, कारण दोन्ही एकत्र घेतल्याने धोका वाढतो. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याच्या पाकिटातली गोळी घ्यायची, हे इथे अजिबात चालणार नाही.

चंदीगडच्या 'पीजीआय'मध्ये वेगळा प्रयोग झाला. गवताचाच अर्क अगदी थोड्या मात्रेत तोंडाने देऊन शरीराला सवय लावायची. बऱ्याच जणांना आराम मिळाला, पण काहींचा त्रास वाढला. हा उपाय रोजच्या उपचारात आलेला नाही. घरी गवताचा रस काढून पिण्याचा उद्योग तर कोणीच करू नये.

गवतापासून लांब कसं राहायचं?

औषध कितीही चांगलं असलं तरी भुगा रोज अंगावर पडत असेल तर त्रास पुन्हा येणारच. हे जमण्यासारखं आहे:

- ॲलर्जी असलेल्या माणसाने गवत उपटू नये. घरातल्या दुसऱ्याने उपटावं, तेही पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी मोजे आणि तोंडाला फडकं बांधून.
- फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट काढावं. फुलावर आलं की एकेक झाड हजारो बिया टाकतं.
- वाळलेलं गवत झोडपू नये, जाळू नये. फुलाआधीचं असेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात घालावं.
- शेतातून आल्यावर लगेच चेहरा, मान, हात धुवावेत आणि कपडे बदलावेत. धुतलेले कपडे गवताजवळच्या तारेवर वाळत घालू नयेत.
- शेवंती, सूर्यफूल, गोखरू ही झाडं गाजर गवताच्याच कुळातली. गवताची ॲलर्जी असलेल्या काहींना त्यांचाही त्रास होतो. शेवंतीची तोडणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गवत खाणारा मेक्सिकन भुंगाही आहे. १९८३ मध्ये तो भारतात आणला आणि पुढच्या वर्षी बंगळुरूजवळ सोडला. पावसाळ्यात पानांना भोकं पडलेली दिसली तर तो काम करतोय असं समजावं, तिथे फवारणी करू नये. पण तो पावसाळ्यापुरताच जोरात असतो. एकट्या भुंग्यावर किंवा एकट्या शेतकऱ्यावर हे सोडून भागत नाही. एकाने बांध साफ केला आणि शेजारचा प्लॉट फुलावर राहिला, तर भुगा वाऱ्याने येतोच. प्लॉटमालक, सोसायट्या, महापालिका आणि ग्रामपंचायत यांनी जूनच्या शेवटी, फुलं यायच्या आधी, एकाच आठवड्यात काढणी केली तर त्याचा उपयोग.

दवाखान्यात जाताना

त्रास कुठल्या महिन्यात वाढतो, कामाचं स्वरूप काय, केसांना काय लावता, आधी कुठली मलमं आणि गोळ्या झाल्या, एवढं कागदावर लिहून न्यावं. चट्टे जास्त असतानाचा मोबाईलवरचा फोटो दाखवावा. आणि डॉक्टरांना सरळ विचारावं, 'मला पॅच टेस्ट लागेल का?'

मात्र ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर कुठलीही टेस्ट, कुठलंही मलम बघत बसू नये. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठावा.

(औषधांची नावं फक्त माहितीसाठी दिली आहेत. कुठलंही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नये.)