तो व्हिडिओ मीही पुढे पाठवला होता

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून पोटासाठी फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. त्यांच्यापैकी एक जण लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून संशय आला आणि 'मुले पळवणारी टोळी' अशी ओरड झाली. जमावाने त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले. पाचही जण मारहाणीत मेले.

त्याआधी काही आठवडे खानदेशात मुले पळवणाऱ्या टोळीचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्यातला एक व्हिडिओ फैजपूरला माझ्या फोनवरही आला. मी तो आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, 'ताई, लेकरांना सांभाळा'. मी समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. अफवा कशी पसरते यावर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. तरीही व्हिडिओ पूर्ण न बघताच पुढे पाठवला. राईनपाड्याची बातमी आली त्या रात्री मी तो ग्रुपवरून काढायला गेले, पण तोवर तो कितीतरी ठिकाणी गेला होता.

नंतर कळले की तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. तो पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षेसाठी तयार केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात, आणि शेवटी परत येऊन मुलाला खाली सोडतात व जनजागृतीचा फलक दाखवतात. तो शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला. दुसऱ्या एका मेसेजमधील मृत मुलांचे फोटो २०१३ मध्ये सीरियात झालेल्या रासायनिक हल्ल्याचे होते. खाली मजकूर मात्र आपल्याकडचा, आपल्या भाषेत. म्हणून तो खरा वाटला.

फोन नसता तर हे घडले नसते, असे मला म्हणायचे नाही. पाल ठोकून राहणाऱ्या, भिक्षा मागणाऱ्या, अनोळखी माणसावर संशय घेण्याची सवय आपल्या समाजाला फार जुनी आहे. मोबाईलने त्या संशयाला चित्र दिले आणि वेग दिला. त्याच दिवशी मालेगावातही जमावाने एका कुटुंबाला घेरले होते, सोबत लहान मूल होते. तिथे पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून ते वाचले.

त्यानंतर व्हॉट्सॲपने काही बदल केले. जुलै २०१८ मध्ये पुढे पाठवलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' ही खूण आली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, आणि त्यावर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले की इतके समजावे की पाठवणाऱ्याने तो लिहिलेला नाही आणि ज्याने लिहिला तो आपल्याला माहीत नाही. मेसेजमध्ये गाव, तारीख आणि पोलीस ठाण्याचे नाव आहे का, ते बघा. नसेल तर तिथेच थांबा. असेल तर त्या ठाण्यात किंवा ११२ वर विचारा. 'खरे-खोटे माहीत नाही, पण सावध असलेले बरे' असे लिहून पाठवणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीच, सगळ्यात जास्त नुकसान केले आहे. कालाम सुत्त आपल्या विहारात कितीदा वाचले जाते! ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, हे आपल्याला माहीत असते. पण फोन हातात आला की ते विसरायला होते.

आपल्या समाजाच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की बाबासाहेबांचा अवमान करणारे एखादे चित्र कोणीतरी मुद्दाम टाकतो. आपली मुले संतापतात आणि निषेध म्हणून तेच चित्र शंभर ग्रुपवर पाठवतात. टाकणाऱ्याला दहा लोकांनी पाहिले नसते, ते आपण हजारोंना दाखवतो. रस्त्यावर गर्दी जमते, आणि गुन्हे नोंदले जातात ते गर्दीतील पोरांवर. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून काय झाले ते आपण पाहिले. अर्ध्या दिवसात शहरात दगडफेक, लाठीमार आणि मग इंटरनेट बंद.

अशा वेळी चित्र पुढे पाठवू नका, पण पुरावा सोडूही नका. स्क्रीनशॉट घ्या. त्यात टाकणाऱ्याचे खाते, नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम असेल तर त्या पोस्टची लिंक वेगळी जपून ठेवा, कारण टाकणारा ती थोड्या वेळात पुसतो. मग दोन-तीन जाणती माणसे घेऊन ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली. तेव्हापासून अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. तक्रारीत हे कलम नावानिशी लिहा.

इथे मला मे २०१५ मधील शिर्डीची घटना आठवते. लग्नासाठी आलेल्या आपल्या समाजाच्या एका तरुण विद्यार्थ्याच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. त्यावरून वाद घालून त्याला मारहाण करून ठार केले, असा गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर किती तरी घरांत आईवडिलांनी मुलांना रिंगटोन बदलायला लावली. आईची भीती मला कळते. पण मोबाईल जपून वापरा म्हणजे भीमगीताची रिंगटोन काढा, असे मी कोणाला सांगणार नाही. काही धोके फोनमध्ये नसतात, ते समोरच्याच्या मनात असतात. त्यांचा उपाय सेटिंगमध्ये सापडत नाही.

आता पैशांकडे येऊ. व्हिडिओ पुढे पाठवताना मी जी घाई केली, तिच्यावरच ठगांचा धंदा चालतो. 'आज रात्री वीज तोडली जाईल', 'खाते बंद होईल', 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले' — तुम्ही कोणाला विचारायच्या आत काम उरकायचे, एवढाच त्यांचा प्रयत्न असतो. 'डिजिटल अटक' हा त्यातला सगळ्यात क्रूर प्रकार. पोलिसांच्या वेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर तासन् तास बसवून ठेवतो आणि कोणाशी बोलायचे नाही अशी ताकीद देतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये यावर सावध केले होते. कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. बोलू नका असे सांगितले, की त्याच क्षणी फोन ठेवून शेजारच्या घरी जायचे आणि झाले ते सांगायचे. यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

आपल्याकडे सध्या जास्त त्रास एपीके फाइलचा आहे. लग्नसराईत 'लग्नपत्रिका' म्हणून येते, कधी वाहनाचे चलन म्हणून, कधी शेतकरी सन्मान निधीची यादी म्हणून. पत्रिका साधी फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके हे ॲप असते. ते उघडले की फोन विचारतो, एसएमएस वाचायची परवानगी द्यायची का? आपण 'हो' दाबतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि तिकडे ठगालाही दिसतो. म्हणूनच फसलेली माणसे शपथेवर सांगतात, 'मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही हो!' आणि घरचे त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते खरेच बोलत असतात. आमच्या गल्लीतील एका निवृत्त काकांना पैसे गेल्याचे दुःख झालेच, पण मुलगा 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणाला त्याचे जास्त झाले. असे ॲप चुकून उघडले तर आधी फोन एरोप्लेन मोडवर टाका, आणि दुसऱ्याच्या फोनवरून पुढचे फोन करा.

यूपीआयचे तत्त्व बायकांना मी असे सांगते : पिन म्हणजे आपली सही, आणि सही पैसे देताना लागते, घेताना नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. लाडकी बहीणची केवायसी असो वा मुलांची शिष्यवृत्ती, संकेतस्थळाच्या नावाचा शेवट 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असा आहे का ते पाहायचे. नावात फक्त 'महाराष्ट्र' हा शब्द असून चालत नाही.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. गेलेली रक्कम आधी एका खात्यात, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकते. वेळेत तक्रार झाली तर वाटेतल्या खात्यात ती गोठवता येते. उद्या बँक उघडल्यावर बघू म्हटले तर बहुधा उशीर झालेला असतो. सोबत स्वतःच्या बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतः पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून लाज वाटली तरी कळवायचेच.

केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आमच्या कितीतरी बायांचा फोन त्यांच्या हातात नसतोच. तो नवऱ्याकडे किंवा भाच्याकडे असतो आणि पिन कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहिलेला असतो. 'मला काय वाचता येते, ताई?' चार आकडे मात्र त्या बरोबर ओळखतात, एसटीचा आणि रेशनचा हिशोब रोज करतात. अंगठा लावून पैसे काढतानाही पावती मागा आणि शिल्लक वाचून घ्या. एकदा अंगठा 'लागला नाही' म्हणून दुसऱ्यांदा लावायला सांगितले, तर पैसे दोनदा तर गेले नाहीत ना ते आधी बघा. नको असेल तेव्हा आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येते, एम-आधार ॲपमध्ये ती सोय आहे.

मुलींचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यात अवघड आहे. ओळखीतला मुलगा फोटो मागतो, मग तो फोटो दाखवून धमकावतो. कधी फोटो खराही नसतो, चेहरा तेवढा जोडलेला असतो. मुलगी महिनोन् महिने गप्प राहते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने सांगितले, 'भावाला कळले तर फोन जाईल. फोन गेला की कॉलेज जाईल. कॉलेज गेले की लग्न लावतील.' धमकी देणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. त्याची ताकद त्या फोटोत नाही, आपल्या घरातील शिक्षेत आहे. आपण मुलीला 'काही झाले तर आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही' एवढे वचन दिले आणि पाळले, तर त्याच्या हातात फारसे उरत नाही.

पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मग ब्लॉक करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला व बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा लागतो, आणि मदतीसाठी १०९८ आहे. मोठ्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' नावाची मोफत सोय आहे. फोटो फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा संगणकीय ठसा कंपन्यांकडे जातो, आणि सहभागी कंपन्या तो ठसा ओळखून फोटो चढू देत नाहीत. अल्पवयीनांसाठी अशीच सोय 'टेक इट डाउन' या नावाने आहे.

उरलेले थोडक्यात. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली घेऊन झोपू नका आणि फुगलेली बॅटरी वापरू नका. व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा, त्याला दोन मिनिटे लागतात. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी संगणक दिसला तर काढून टाका. फोन हरवला तर 'संचार साथी'वर तो बंद करता येतो, त्यासाठी पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक लागतो. डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो दिसतो. फोनच्या खोक्यावरही छापलेला असतो.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात प्रत्येकीचा आयएमईआय वहीत उतरवून द्यायचा आणि १९३० क्रमांक फोनमध्ये साठवून द्यायचा, असे ठरले आहे. ज्यांच्याकडे फोनचे खोके अजून आहे त्यांनी ते आणावे. ज्यांचा फोन भाच्याकडे असतो, त्यांनी भाच्यालाही आणावे.