गल्लीचं दप्तर

मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयात रोज माणसं तक्रारी घेऊन येतात. बहुतेक जण साहेबांना गाठून तोंडी गाऱ्हाणं सांगतात आणि 'बघतो' एवढं ऐकून परततात. काही जण मात्र पत्राच्या दोन प्रती आणतात. एक आवक खिडकीवर देतात आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय जिना उतरत नाहीत. ही मंडळी बहुधा एएलएमची असतात.

एएलएम म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट. प्रगत परिसर व्यवस्थापन हे या पालिकेच्या योजनेचं सरकारी नाव. एका गल्लीतल्या इमारतींनी एकत्र यायचं, समिती नेमायची, विभाग कार्यालयात नोंद करायची आणि आपल्या परिसराची देखभाल पालिकेच्या बरोबरीने करायची. साधारण हजारभर लोकवस्ती हे एका एएलएमचं माप. कार्यकर्त्याला पगार नाही, मानधन नाही. निवृत्त बँक कर्मचारी, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, घरून काम करणारा एखादा अकाउंटंट आणि कुणाच्या नळाला पाणी आलं नाही हे सगळ्यांआधी जिला कळतं अशी प्रत्येक इमारतीतली एक काकू. एवढ्यांच्या वेळेवर सगळं चालतं.

सुरुवात घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये झाली. रहिवाशांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला घेतला. ओल्याचं खत करायचं आणि सुका कचरावेचकांना द्यायचा. पालिकेच्या अधिकाऱ्यांनी ते पाहिलं आणि १९९७ मध्ये त्याची शहरभराची योजना केली. तिच्यात एक सरळ व्यवहार होता. नागरिकांनी कचऱ्याची जबाबदारी उचलायची आणि त्या बदल्यात पालिकेने त्या गल्लीतले रस्ते, गटारं, दिवे, पदपथ यांकडे नीट लक्ष द्यायचं. मला या योजनेत हे सगळ्यात मोलाचं वाटतं. रहिवासी आपल्या वाट्याचं काम आधी करत होते आणि मग हक्काने मागत होते.

ते वाट्याचं काम दिसतं तितकं सोपं नाही. खताचा खड्डाच घ्या. तळाशी विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या पसरायच्या, म्हणजे पाणी निचरतं. त्यावर सुकी पानं, मग त्या दिवसाचा ओला कचरा बारीक करून, वर पुन्हा पानं. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा गूळ घातलेलं ताक. मिश्रण मुठीत दाबून बघायचं. थेंब गळला तर ओल जास्त, भुरभुरलं तर कमी. पानं कमी पडली की दोन-तीन दिवसांत वास सुटतो आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत पहिला विषय तोच निघतो. नीट जमलं तर दीडेक महिन्यात काळपट, मोकळं, मातीच्या वासाचं खत हातात येतं. पण हे सगळं बघणारं माणूस बहुतेक ठिकाणी एकच असतं. ते तीन महिने मुलीकडे परदेशी गेलं की खड्डा बंद पडतो. जिथे सोसायट्यांनी वर्गणी काढून या कामाला पगारी माणूस ठेवला, तिथे ते वर्षानुवर्षं टिकण्याची शक्यता जास्त. कचरा गोळा करणारी बाई दारात उभी राहून 'काकू, ओल्यात परत पिशवी आलीय' म्हणते, तेव्हा ती सूचनाफलकापेक्षा जास्त काम करते.

मधल्या काळात अनेक एएलएम थंडावल्या. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, धुराने शहर कोंदलं आणि कचऱ्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्याच वर्षी घनकचऱ्याचे नवे केंद्रीय नियम आले. २ ऑक्टोबर २०१७ पासून पालिकेने मोठ्या संकुलांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावायला सांगितलं. २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठं आवार किंवा दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा, ही त्याची मर्यादा. घाटकोपरच्या एका गल्लीने आपणहून केलेलं काम वीस वर्षांनी शहराचं बंधन झालं.

एएलएमचं खरं बळ मात्र मला खड्ड्यापेक्षा दप्तरात दिसतं. चांगल्या एएलएमकडे एक जाडजूड फाइल असते. गटाराची जाळी कधी मोडली, पत्र कधी दिलं, स्मरणपत्र कधी, रस्त्याच्या कामाचा कार्यादेश कुणाच्या नावे, कंत्राटदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, हे सगळं तारखेनिशी तिच्यात असतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळवलेले नकाशे असतात. अभियंते बदलतात, सहायक आयुक्त बदलतात, फाइल गल्लीतच राहते. नव्या अधिकाऱ्याला त्या रस्त्याखालून पर्जन्य जलवाहिनी कुठून जाते हे कधी कधी त्याच्या कार्यालयाआधी एखाद्या सत्तरीच्या आजोबांकडून कळतं. पावसाळ्याआधी नालेसफाई होते. काढलेला गाळ नाल्याच्याच काठावर ठेवला तर पहिल्या सरीबरोबर तो परत आत जातो. त्याचा तारखेसह फोटो काढणारं कुणीतरी लागतं आणि ते याच मंडळींत सापडतं.

अलीकडे या दप्तरात रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची भर पडली आहे. २०२३ पासून शेकडो किलोमीटर रस्ते खणले गेले आणि दर्जाची तपासणी आयआयटी मुंबईकडे सोपवली गेली. तरीही गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल अशी एक चाचणी आहे. शंकूच्या आकाराचा लोखंडी साचा, ३० सेंटिमीटर उंच, तळाला २० आणि वर १० सेंटिमीटर रुंद. ताजं काँक्रीट त्यात थराथराने भरायचं, प्रत्येक थर सळईने २५ वेळा ठोसायचा आणि मग साचा सरळ वर उचलायचा. काँक्रीट किती खाली बसलं ते पट्टीने मोजायचं. ठरल्यापेक्षा फार बसलं, तर पाणी जास्त पडलं असण्याचा संशय येतो, आणि जादा पाण्याचं काँक्रीट कच्चं राहतं. दहा मिनिटांचं काम. प्रत्येक एएलएमने दोन माणसं तरी यात तयार करावीत, असं मी आग्रहाने म्हणेन. काँक्रीटचा ट्रक निघून गेल्यावर लिहिलेल्या दहा पत्रांपेक्षा त्याच वेळी विचारलेला एक प्रश्न उपयोगी पडतो.

विकासाच्या मोठ्या प्रश्नांतही बारकाईने पाहून वेळेवर विचारण्याची ही सवय कामी आली आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात चुकांचा सडा पडला होता. नागरिकांनी नकाशे पसरले, आपापल्या गल्लीवर बोट ठेवून चुका दाखवल्या आणि हरकतींचे ढीग लागले. दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द केला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. झाडांचंही तसंच. तोडायच्या झाडावर नोटीस लागते, हरकतीसाठी जेमतेम आठवडा मिळतो. रोज त्या झाडाखालून जाणाऱ्या माणसाने ती वाचली तरच हरकत जाते.

आता या संस्थेच्या उणिवांकडे बघायला हवं. एएलएम ही मुळात इमारतीत राहणाऱ्यांची, सभासदांची, वर्गणी देऊ शकणाऱ्यांची संघटना आहे. झोपडवस्त्यांसाठी पालिकेने दत्तक वस्ती योजना वेगळी केली, पुढे तिचं नाव स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान झालं. म्हणजे शेजारी राहणाऱ्या दोन वस्त्यांचं गटार एक असलं, तरी त्यांच्या सभा दोन. पदपथ मोकळा हवा ही मागणी योग्यच आहे. पण तिथे बसणारी भाजीवाली त्याच गल्लीला भाजी पुरवते आणि बहुधा पलीकडच्या वस्तीत राहते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आणि रहिवासी संघांनाही स्थान दिलं. दोघांनी एका टेबलाशी बसायचं, हे कायद्यालाच अपेक्षित आहे. फेरीवाल्याला हटवा एवढंच लिहून थांबणारी एएलएम मला अर्धीच वाटते.

दुसरी उणीव अधिकाराची. एएलएम सुचवू शकते, पाठपुरावा करू शकते, ठरवू शकत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या आणि त्यांत स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींना नामनिर्देशनाने जागाही ठेवली गेली, पण गल्लीपर्यंत ते पोचलं नाही. २००७ मध्ये जुहूच्या नागरिकांनी अ‍ॅडॉल्फ डिसोझा यांना आपला उमेदवार म्हणून उभं केलं आणि पालिकेत निवडून पाठवलं. तो प्रयोग सगळीकडे झाला नाही. पुढे ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ २२७ नगरसेवकांच्या जागी एकच प्रशासक होता. त्या दिवसांत नगरसेवकाकडे जाणारी पत्रंही एएलएमवाल्यांनाच पालिकेत द्यावी लागली. या बिनपगारी लोकांनी शहराची केवढी सोय केली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

या दोन्ही उणिवांवर उपाय कायद्यात आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, त्यातला प्रत्येक मतदार सभासद. गावात ग्रामसभा असते तशी शहरात ही सभा. ती प्रत्यक्षात फारशी भरलेली नाही. कचरा, गटार, फुटपाथ, पुनर्विकासाने वाढणारी वाहनं हे सगळे विषय तिथे मांडता येतील, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रं एएलएमनी पंचवीस वर्षं जमवलेलीच आहेत. आपल्या नगरसेवकाकडे प्रत्येक एएलएमने आता पेव्हर ब्लॉकच्या आधी ही सभा मागावी. इमारतीतल्या काकू आणि वस्तीतली भाजीवाली तिथे एकाच मतदार यादीने येतील. वर्गणीच्या पावतीवर चालणाऱ्या सभेत ते शक्य नाही.