दिवे हिरवे, दुवा मुका

ठाणे-बेलापूर रस्त्याला ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. ही डेटा सेंटर. आत शिरायची संधी मिळाली की मी सोडत नाही. खरं तर बघण्यासारखं फारसं नसतं. गार वारा आणि पंख्यांची घरघर. माझा डोळा असतो नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर, कुठला ब्रोकर कुणाशी जोडलेला आहे त्या रकान्यावर.

मेसेज ब्रोकर म्हणजे तुर्भ्याच्या बाजारातला अडत्या. एका प्रोग्रॅमने माल आणून टाकायचा, दुसऱ्याने सवडीने उचलायचा. या धंद्यात आपली माणसं ठळक आहेत. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी १९८०च्या दशकात वॉल स्ट्रीटला 'इन्फर्मेशन बस' दिली, १९९७ मध्ये टिब्को ही कंपनी काढली. पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जून राव यांच्यासोबत काफ्का हे संदेशवहनाचं सॉफ्टवेअर घडवलं. २०११ मध्ये ते सर्वांना खुलं झालं. रॅबिटएमक्यू हा ब्रोकर २००७चा. इतिहास एवढा पुरे.

मला भुरळ पडते ती दोन ब्रोकरांमधल्या दुव्याची. पलीकडून उत्तर आलं नाही, तर पलीकडचा ब्रोकर बंद पडला, वाट अडली, की तो नुसताच रेंगाळलाय? बाहेरून हे खात्रीनं कळत नाही. संदेश पोचायला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल आणि एखादं यंत्र जरी बंद पडू शकत असेल, तर उरलेल्यांचं एकमत होईलच अशी हमी कुठलीही ठरीव पद्धत देऊ शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्धच करून ठेवलंय. म्हणून सगळा कारभार हार्टबीटवर, म्हणजे 'मी जिवंत आहे' अशा ठरावीक वेळाने पाठवलेल्या खुणेवर, आणि मुदतीवर. रॅबिटएमक्यूच्या क्लस्टरमधले नोड, म्हणजे एकत्र जोडलेल्या गटातली यंत्रं, मूळ सेटिंगवर शेजारी गेल्याचं ४५ ते ७५ सेकंदांत ठरवतात. मुदत आखूड केली, तर क्षणभर अडखळलेला जिवंत नोडही मेलेल्यांत जमा होतो. लांबवली, तर मेलेल्याची वाट बघत बसायचं. मधली तारच तुटली, तर दोन्ही गट एकमेकांना मृत समजून आपापला संसार थाटतात! त्यावर उपाय म्हणून नोड तीन किंवा पाच ठेवतात आणि अल्पमतातल्यांना थांबायला लावतात.

महापेच्या एका कंपनीतल्या रात्रपाळीच्या पोरांनी सांगितलेला किस्सा. दोन्ही ब्रोकर ठणठणीत, दिवे हिरवे, तरी दुसऱ्या केंद्रात काही पोचेना. बराच वेळ गप्प असलेलं कनेक्शन मधल्या फायरवॉलनं कुणालाही न कळवता टाकून दिलं होतं. घेणारी बाजू आपली वाट बघत बसलेली. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह, तेही चालू केलं असेल तर, पहिली विचारपूस करतं तब्बल ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. "सर, सर्व्हर चालू होते, मेसेज चालू नव्हते," असं त्यातला एक म्हणाला. निरीक्षणाच्या जाड पुस्तकांपेक्षा मला हे वाक्य मोलाचं वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. 'कनेक्टेड' या शब्दावर विसंबू नये. दर मिनिटाला एक चाचणीचा मेसेज इकडून सोडावा आणि तिकडे किती वेळात उतरला ते मोजावं. रांग किती लांब आहे यापेक्षा तिच्यातला सर्वांत जुना मेसेज किती वेळ पडून आहे, ते आधी बघावं. काफ्का असेल, तर अंडर-रेप्लिकेटेड पार्टिशन्सचा, म्हणजे ज्यांच्या सगळ्या प्रती अद्ययावत नाहीत अशा भागांचा, आकडा शून्यावर हवा. आणि वाचकांपैकी कुणी या कामात असेल, तर आपल्या लिनक्स सर्व्हरवरचा कीपअलाइव्हचा आकडा एकदा उघडून बघा. कुणी हात लावला नसेल, तर तो ७२००च असेल.